गार म्हणणारा हात

दाजी भित्रे होते, आणि हे त्यांच्या तोंडावर म्हटलेलं त्यांना चालायचं. "बॉयलरवर शूर माणूस ठेवला ना, की आठवडाभरात छप्पर शोधायला पलीकडच्या गावात जावं लागतं," असं ते सांगत आणि वर स्वतःच हसत. कपडा रंगवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य वाफ सांभाळण्यात घालवलं. रंगाच्या हौदांना वाफ लागे, धुलाईला लागे, ओला कपडा वाळवणाऱ्या रुळांना लागे. वाफ जरा कमी पडली की सगळ्या खात्यांतून दाजींच्या नावानं शिमगा सुरू व्हायचा. वाफ नीट असली, तर दाजी आज कामावर आलेत की नाही हेसुद्धा कुणाला माहीत नसे.

खरं म्हणजे ते एकाच माणसाचे दाजी. बायकोचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात फिटर होता, आणि तो बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणायचा. ते आधी रंगखात्यानं उचललं, मग ऑफिसनं, आणि शेवटी मॅनेजरसाहेबही बिनदिक्कत दाजी म्हणू लागले. "लग्न एकीशीच केलं, पण मेहुणे अख्खा कारखाना," अशी दाजींची कुरकुर असे. ती कुरकुर लटकी आहे हे सगळ्यांना कळायचं.

या खऱ्या मेहुण्याला सगळे बारक्या म्हणत. दारातून आत यायचं तर त्याला आडवं व्हावं लागे, म्हणून बारक्या. आई लवकर गेली, तेव्हापासून बहिणीनंच त्याला कडेवर वाढवलेला. तो कारखान्यात लागला त्या दिवशी बहिणीनं डबा भरता भरता नवऱ्याला एकच वाक्य सांगितलं होतं: "तुमच्या हवाली करतेय. नेताय तसा परत आणायचा." सांगताना ती हसत होती. दाजींना मात्र ते वाक्य पुढे कधीच विसरता आलं नाही.

आता हाताबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ हातानंच केला.

दाजींना काम शिकवणारा एक म्हातारा होता. त्याच्या भुवया कायम जळलेल्या असत. तो म्हणायचा, "काच काळी पडते, काटा अडकतो, घाईत माणूस आकडाही उलटा वाचतो. हाताची पाठ मात्र खोटं बोलत नाही." तळहाताला घट्टे पडलेले, म्हणून पाठ. जुना कोळशाचा बॉयलर दुरुस्तीसाठी बंद केला, की आग ओढून काढायची, दोन दिवस थांबायचं, आणि मग दाजींनी पुढे होऊन उजव्या हाताची पाठ दाराच्या लोखंडाला लावायची. आजूबाजूला फिटर पाने घेऊन उभे. दाजी डोळे मिटत. मग मोठ्यानं एकच शब्द म्हणत, "गार!" त्या शब्दानंतरच पहिला नट फिरायचा. मॅनेजर बदलले, मालकाचा मुलगा मालक झाला, पण या शब्दाआधी कुणी दाराला हात लावला नाही. दाजी "थांबा" म्हणाले, तर मालकसुद्धा मुकाट थांबत.

हा हात घरीही तसाच चाले. गल्लीतलं कुणाचं पोर फणफणलं की आई त्याला उचलून दाजींकडे घेऊन येई. दाजी कपाळावर हाताची पाठ ठेवत आणि सांगत, "थोडी कणकण आहे, घाबरू नका," किंवा "उठा, डॉक्टरकडे चला." बायको चेष्टेनं म्हणायची, "दारावर पाटी लावा आता."

मग कोठी आली.

कोठी हे नाव कामगारांनीच पाडलं. पत्र्यानं मढवलेला, दुमजली घराएवढा एक ठोकळा. आत नुसत्या विटा रचलेल्या, आणि विटांमधून विजेच्या तारा. दुपारी ऊन चांगलं असलं की वीज स्वस्त आणि मुबलक. तेवढ्या वेळात तारा विटांना तापवून लाल करणार. मग दिवसभर आणि रात्रभर एक मोठा पंखा त्या विटांमधून हवा फिरवणार, ती तापलेली हवा पाण्याची वाफ करणार. धान्य साठवावं तशी उष्णता साठवायची, म्हणून कोठी. कोळसा नाही, धूर नाही, राख नाही. धुराड्यातून काही निघत नाही हे बघून पहिले काही दिवस बायका गच्चीवर वाळत घातलेले कपडे उगाच हुंगून पाहत होत्या.

कोठी बसवायला कंपनीची एक इंजिनीअर बाई आली होती. वय दाजींच्या मुलीएवढं, बोलणं स्वच्छ, आणि दहा वेळा विचारलं तरी न वैतागणारी. तिनं कोठी तापवली, स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा हजाराच्या जवळ गेला, आणि ती दाजींना म्हणाली, "काका, लावा हात."

दाजी दोन पावलं मागे सरकले.

"लावा हो. काही होत नाही."

त्यांनी हाताची पाठ पत्र्याला टेकवली. घरातल्या कपाटाला हात लावावा तसा तो पत्रा लागला.

"आत विटा लालबुंद आहेत," बाई म्हणाली. "पण भिंतीत हातभर जाड, न जळणारी लोकर भरली आहे, दारातही तीच. उष्णता बाहेर यायलाच जागा नाही. म्हणून सांगते, काका, हिला बाहेरून हात लावून काही कळणार नाही. स्क्रीनवरचा आकडा बघायचा. आणि वीज बंद केली म्हणजे ही थंड झाली असं समजायचं नाही. ती दिवसेंदिवस तापलेलीच राहते, त्यासाठीच बांधली आहे."

दाजींनी मान डोलावली. त्यांना सगळं समजलं होतं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बायकोलाही ते जसंच्या तसं समजावून सांगितलं, आणि मग जेवताना मध्येच थांबून म्हणाले, "अगं, आत हजार आणि बाहेर काहीच नाही. घरात वाघ झोपलाय आणि त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही, तसं वाटतं मला."

जुना बॉयलर बडबड्या होता. धुसफुसायचा, शिट्ट्या मारायचा, पायाखालची फरशी थरथरवायचा. कुठं काय दुखतंय ते दाजींना पायाच्या तळव्यांतून कळे. त्यांची भीती तिथं कामाला लागलेली होती. सकाळी पाळीवर यायची, संध्याकाळी दमून झोपायची. कोठी आली आणि त्या भीतीला कामच उरलं नाही. मग ती घरी येऊन बसली. दाजी गॅस बंद केलाय का ते पुन्हा पुन्हा बघू लागले. इस्त्रीची पिन काढली तरी इस्त्री बाल्कनीत नेऊन ठेवू लागले. बायको रस्ता ओलांडताना तिचं मनगट असं धरत, की ती म्हणायची, "अहो, बांगड्या फुटतील!" हसू आणणारी भीती होती ती. पण दाजींना हसू येत नव्हतं. काहीतरी होणार, आणि आपल्याला आधी कळणार नाही, एवढं एकच त्यांच्या डोक्यात फिरत राही.

कोठी मात्र गुणी निघाली. महिने गेले, वाफ कधी कमी पडली नाही. मग एके दिवशी पंख्याचं बेअरिंग गेलं आणि हवेच्या वाटेवरची एक झडप अडकली. वीज बंद केली, काम थांबलं. झडपेपर्यंत पोचायचं तर कोठीच्या अंगातलं छोटं दार उघडायला हवं. नव्या कोठीची ही पहिलीच दुरुस्ती. दोन दिवस थांबायचं ठरलं, कारण बंद केलं की दोन दिवस थांबायचं, हेच त्या कारखान्यात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी आणि बारक्या दारापाशी उभे होते. बाकीचे पलीकडे रंगखात्यात हौद घासण्यात गुंतलेले. स्क्रीनवरचा आकडा सहाशेच्या वर होता. पण आठवडाभर तो आकडा वेड्यासारखाच करत होता. कधी शून्य, कधी दोन हजार. इलेक्ट्रिशियन म्हणालाच होता, "त्या आकड्याचं मनावर घेऊ नका, तार खराब आहे, नवी आली की बदलतो."

बारक्यानं पाना खांद्यावर टाकला. "दाजी, लावा हात."

बाईनं सांगितलेलं दाजींना आठवत नव्हतं असं नाही. पण दोन दिवस झाले होते. आकडा खोटा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर भीतीचाही माणसाला कंटाळा येतो. इतके महिने जीव मुठीत धरून काढल्यावर दाजींना एकदा, फक्त एकदा, खात्रीनं काहीतरी म्हणायचं होतं. मेहुणा समोर उभा होता, तोच जुना प्रश्न विचारत होता. हात आपोआप वर गेला. दाजींनी डोळे मिटले. दार थंडगार होतं.

"गार!" दाजी म्हणाले. किती दिवसांनी म्हणाले. छाती भरून आली.

बारक्या नट सैल करू लागला. एक, दुसरा. दाजी डोळे उघडून त्याच्या रुंद पाठीकडे बघत होते, आणि त्या बघण्यात त्यांच्या मनात सहज एक विचार आला. काल सकाळीही आपण जाता जाता या दाराला टेकलो होतो. कालही ते गार होतं. परवा कोठी भरात होती, तेव्हाही गार होतं. हे दार गरम असं कधी लागलंच नव्हतं.

त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. बोबडी वळली म्हणतात ती अशी. "बा... बा..." एवढंच निघालं, आणि तेवढ्यात शेवटचा नट निघून दार दोन बोटं बाहेर सरकलं.

आवाज काहीच झाला नाही. तीच सगळ्यात भयंकर गोष्ट होती. बारक्याच्या हातातलं फडकं आधी तपकिरी झालं, मग एकदम पेटलं. मग बारक्या किंचाळला.

जुन्या बॉयलरची आग ओढायची लांब सळई आठवण म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. दाजींनी ती उचलली आणि सगळा भार टाकून दार परत आत रेटलं. त्यांना हे नंतर आठवलं नाही, किंकाळी ऐकून धावत आलेल्या लोकांनी सांगितलं. त्यांना आठवत होता तो फक्त बारक्याचा उजवा हात, मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत.

दाजी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते. बायको आली, आत जाऊन भावाला बघून आली, आणि त्यांच्या शेजारी बसली. "जीव वाचला," ती म्हणाली. "डोळे वाचले. हातही राहील म्हणतायत. तुम्ही होतात म्हणून." दाजींनी तिच्याकडे बघितलं. ती मनापासून बोलत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण "मीच गार म्हणालो" हे शब्द जिभेवर आले, आणि बायकोचा तो डबा भरतानाचा हसरा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि ते शब्द तिथंच राहिले.

चौकशी झाली. सुरक्षा बघणारे साहेब बारक्याच्या खाटेपाशी गेले. दाजी दाराबाहेर उभे राहून ऐकत होते.

"दार उघडायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, साहेब," बारक्या म्हणाला. "मीच घाई केली. दाजींनी हात लावायच्या आधीच पाना मारला."

साहेब गेल्यावर दाजी आत गेले. बारक्यानं पट्टीतला हात जरासा हलवला आणि डोळा मिचकावला. "ताईला कळता कामा नये, काय? माझं काय, कातडी येईल परत. तुमच्या शब्दावर अख्खा कारखाना चालतो." दाजींनी मान खाली घातली. बारक्यानं ती आभार म्हणून घेतली.

कंपनीची बाई आली, नव्या तारा बसवून गेली. जाताना ती दाजींपाशी थांबली. "काका, मी तुम्हाला बोलले होते ना, बाहेरून कळत नाही?"

"बोलला होतात."

"मग त्यांनी तुमच्या हाताची वाट बघितली असती तरी काय फरक पडला असता?"

दाजी नव्या तारांकडे बघत राहिले. तिला वाटलं, म्हाताऱ्याला अजून धक्का बसलाय. तिनं हलकेच त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि ती गेली.

आठवड्यानं दाजी कामावर आले, तर कोठीच्या दाराशेजारी एक नवी कोरी पाटी. लाल अक्षरं, पांढरी जमीन, नीट रंगवलेली: *दाजींनी हात लावून 'गार' म्हटल्याशिवाय हे दार उघडू नये.*

दाजींनी ती दोनदा वाचली.

"कशी आहे?" मागून मॅनेजरसाहेब कौतुकानं म्हणाले. "आजवर नुसती पद्धत होती, आता नियम केला. स्क्रीन आहेच, पण माणसांचा विश्वास तुमच्यावर. त्या दिवशी बारक्या तुमच्यासाठी थांबला असता, तर हे झालंच नसतं."

त्या दिवसापासून दाजींचं खाणंपिणं उडालं. आधीची भीती निदान आंधळी होती. आता त्यांना स्वच्छ दिसत होतं. पुढची दुरुस्ती येणार. माणसं पाने घेऊन उभी राहणार. आकडा काय म्हणतोय ते न बघता सगळे आपल्या हाताकडे बघणार. आणि दार गारच लागणार, कारण ते कायम गारच लागतं. एका खोट्या शब्दानं एकाचा हात भाजला होता. तो खोटा शब्द आता भिंतीवर रंगवलेला होता. घरी बायको रोज संध्याकाळी भावाची पट्टी बदलायची. पाणी उकळून गार करायची, कापूस भिजवायची, चिकटलेला धागा न धागा हळूच सोडवायची. बारक्या दात आवळून विनोद सांगायचा. दाजी शेजारी बसून पातेलं धरायचे, आणि पातेल्यातल्या पाण्यावर बारीक लाटा उठत राहायच्या. एकदा शेजारीण तापलेलं पोर घेऊन आली, तर दाजी दोन्ही हात पाठीमागे घेऊन म्हणाले, "थर्मामीटर लावा." ती बिचारी आपलं काय चुकलं म्हणून बघतच राहिली.

सांगायचं त्यांनी रोज ठरवलं. सकाळी दाढी करताना वाक्य तयार असायचं. कारखान्याच्या फाटकापाशी ते अर्धं व्हायचं, आणि पाटीपाशी पोचेपर्यंत संपून जायचं. बारक्याचा खोटेपणा उघडा पडेल, नोकरी जाईल, लोक तोंडावर थुंकतील, ही सगळी भीती खरीच होती. पण या सगळ्यांच्या तळाशी एकच होती. बायको. तिला कळलं तर ती काय करेल हे त्यांना माहीत नव्हतं, आणि इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आणि मग दुरुस्ती आलीच.

या वेळी पंखा शाबूत होता, म्हणून कोठीतली उष्णता काढून टाकायला तिच्यातून थंड हवा सोडून ठेवली होती. सकाळी सगळे जमले. रंगखात्यातले, धुलाईतले, इलेक्ट्रिशियन, मॅनेजरसाहेब. अपघातानंतरची पहिलीच वेळ, म्हणून बघायला म्हणून आलेले कितीतरी. सगळ्यात पुढे बारक्या. उजव्या हातावर नवी गुलाबी, चकचकीत कातडी, आणि त्याच हातात पाना. हट्टानं तोच पुढे आला होता. स्क्रीनवर दोनशेच्या वरचा आकडा होता. अजून एक दिवस थांबायला हवं, असं इलेक्ट्रिशियन चाचरत म्हणाला.

"एक दिवस म्हणजे अख्खी ऑर्डर लटकली," साहेब म्हणाले. "आकडा मागेही खोटाच होता की. दाजी, तुम्ही हात लावा. तुम्ही थांबा म्हणालात तर थांबू."

गर्दीनं वाट करून दिली. दाजी पुढे झाले. दाजी भित्रे आहेत हे सगळ्यांना माहीतच होतं, आणि म्हणूनच तर त्यांच्यावर विश्वास होता. थांबा म्हटलं की सुटलो, असं त्यांच्या मनात आलं. थांबा म्हणायचं, उद्या आकडा खाली येईल, उद्या गार म्हणायचं, कुणाला काही कळणार नाही. पाटी तशीच राहील. पुढच्या वेळी, त्याच्या पुढच्या वेळी, आपण मेल्यावर आपल्या जागी दुसरा कुणी हात लावायला उभा राहील.

त्यांनी हाताची पाठ दाराला लावली. डोळे या वेळी मिटले नाहीत. ते बारक्याकडे बघत होते.

"गार आहे," दाजी म्हणाले.

गर्दीनं श्वास सोडला. बारक्यानं पाना नटाला लावला.

"त्या दिवशीही गारच होतं," दाजी म्हणाले. "मी हात लावला होता. मी गार म्हणालो होतो. मग यानं उघडलं."

पाना जिथल्या तिथं थांबला.

"दाजी, गप्प बसा," बारक्या दबल्या आवाजात म्हणाला.

"हे दार कायम गारच लागतं रे. आत काहीही असो. मला बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." त्यांचा आवाज फाटला. "माझ्या हाताला काही कळत नाही. कुणाच्याच हाताला कळत नाही. पाना खाली ठेव. ठेव म्हणतो ना!"

बारक्यानं पाना खाली ठेवला. मॅनेजरसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दाजींनी पाटी खिळ्यावरून काढायचा प्रयत्न केला, पण ती निघेना. शेवटी इलेक्ट्रिशियननंच पुढे येऊन ती उतरवली.

"ताईला मी सांगतो," फाटकापाशी बारक्या म्हणाला.

"नको," दाजी म्हणाले. "मीच."

बायको भाजी निवडत बसली होती. अवेळी घरी आलेले बघून ती उठू लागली, पण दाजींनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसले असते तर सांगून झालं नसतं. बायको ऐकत होती. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. बाहेर कुणाची तरी सायकल गेली, घंटी वाजली.

"रोज मी त्याची पट्टी बदलत होते," ती शेवटी म्हणाली, "आणि तुम्ही शेजारी पातेलं धरून बसत होतात."

"हो."

"रोज."

"हो," दाजी म्हणाले.

ती पुन्हा भाजी निवडू लागली. दाजी भिंतीला टेकून उभे राहिले. नोकरी राहील की जाईल, ही चिंता त्या वेळी कुठल्या कुठे गेली होती; ती तोंड वर करते की नाही, एवढंच ते बघत होते. तिनं केलं नाही. संध्याकाळी बारक्या आला, बहिणीचा चेहरा बघून दारातच थबकला. तिनं फळीवरून मलमाची बाटली काढली आणि नवऱ्यापुढे ठेवली.

"नव्या कातडीला दोन वेळा लावायचंय," ती म्हणाली. "आजपासून ते तुम्ही लावायचं. मी नाही."

बारक्या खाली बसला, हात पुढे केला. दाजींनी मलम बोटावर घेतलं. इतक्या दिवसांत त्यांनी त्या हाताला एकदाही स्पर्श केला नव्हता. मनगटापासून सुरुवात केली, हळूहळू वर गेले. कातडी पातळ होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि खालचं रक्त बोटाला जाणवत होतं.

"गुदगुल्या होतात, दाजी," बारक्या म्हणाला.

"हलू नकोस," दाजी म्हणाले, आणि कोपरापर्यंत लावत गेले. हात गरम होता. ते त्यांना कळलं, पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही.